घरचा डॉक्टर

परवा बाबांना चक्कर आली म्हणून गावातल्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बरोबर गोळ्यांचा डबा होता. डॉक्टरांनी पाकिटे उलटी करून बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाले, "अरे, ही दोन्ही एकच औषध. नावे तेवढी वेगळी. दोन्ही घेतात?" घेत होते! एक गोळी एका तज्ज्ञाने दिलेली, दुसरी दुसऱ्याने. पहिल्याने काय दिले ते दुसऱ्याला आम्ही सांगितलेच नव्हते.

मी सरकारी कारकून. एकाच माणसाच्या दोन फायली दोन टेबलांवर उघडल्या की काय गोंधळ होतो, हे मला कोणी शिकवायला नको. पण माणसाची फाइल कोणी सांभाळायची?

गोव्यात हे काम बराच काळ 'दोतोर' करीत आला. १८४२ साली पणजीत एस्कोला मेदिको-सिरुर्जिका सुरू झाली. तिथे शिकलेल्यांना पोर्तुगीज सत्तेने आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींतही पाठवले. पण त्यांना खुद्द पोर्तुगालमध्ये व्यवसाय करायचा तर तिथे पुन्हा परीक्षा द्याव्या लागत. म्हणजे राज्यकर्त्यांच्या लेखी हा डॉक्टर दुय्यमच. गावाच्या लेखी मात्र तसे नव्हते. आजीला काय सोसते, कोणत्या घरात दम्याचा वारसा आहे, हे त्याला तोंडपाठ. गावातला वैद्यही होताच.

१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि १९६३ साली त्याच एस्कोलाचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. पुढे ते बांबोळीला गेले. तज्ज्ञ आले, यंत्रे आली. हे चांगलेच झाले. उद्या छातीत कळ आली तर मलाही बांबोळीच हवी. पण या धांदलीत गावच्या डॉक्टरला आपणच 'नुसता एमबीबीएस' म्हणू लागलो. पूर्वी लिस्बनने दुय्यम ठरवले, आता आपण!

फॅमिली मेडिसिन हा एमबीबीएसनंतर तीन वर्षे शिकायचा स्वतंत्र विषय आहे, हे मी कचेरीत सांगितले तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही या शिक्षणाचा प्रसार व्हावा असे म्हटले आहे. पण रुग्णालाच ते ठाऊक नसेल तर तो मागणार काय?

आणि आपले समाधान तरी कशात असते? सुई टोचली, महागडी तपासणी लिहून दिली, की डॉक्टर हुशार. "काही नको, चार दिवस विश्रांती घे" म्हणाला, की आपण दुसरा दरवाजा शोधतो. मीही यातलाच. बाबांना थेट तज्ज्ञांकडे मीच नेले होते. गावच्या डॉक्टरांना विचारण्याचे मला सुचलेच नाही.

डॉक्टरांनी त्या दिवशी एका कागदावर बाबांची सगळी औषधे लिहून दिली आणि त्यातली एक गोळी खोडली. तज्ज्ञांना फोन करून तसे कळवलेही. पैसे नेहमीचेच घेतले. बाबांची चक्कर थांबली आहे.

डॉक्टर आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचा दवाखाना पुढे चालवणारे कोणी नाही. तो कागद मी पाकिटात ठेवला आहे. वाचकहो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा असा कागद आहे का? नसेल तर आजच करा, आणि तो वाचून दाखवायला कोणी घरचा डॉक्टर उरला आहे का, तेही बघा.