105 फुटांचा मारुती

जाफराबादहून चिखली, बुलढाणा करत राजूरचा घाट उतरला की मोताळ्यावरून नांदुरा गाठता येतं. घाटाच्या अलीकडची आमची पूर्णा गोदावरीला मिळते, पलीकडची पूर्णा तापीला. नांदुरा जवळ आलं की मागच्या सीटवरून पोरांचा गलका सुरू होतो, "दिसला, दिसला!" मुंबई-कोलकाता महामार्गाच्या कडेला उभा असलेला 105 फुटांचा पांढराशुभ्र मारुती. गाड्या थांबतात, फोटो निघतात, चहा होतो आणि मंडळी पुढे जातात.

आजीला पहिल्यांदा तिथे नेलं, तेव्हा तिने मान वर करून हात जोडले आणि विचारलं, "अरे, ह्याला तेल कुठून घालायचं रे?"

आम्ही सगळे हसलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

आपल्याच जालना जिल्ह्यातल्या जांब गावी 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी सातारा, सांगली, कोल्हापूरच्या मुलखात अकरा मारुती स्थापले. त्यातला पारगावचा तर जेमतेम दीड फुटांचा! हे मारुती पायी येणाऱ्या माणसासाठी होते. शनिवारी तेल, शेंदूर आणि रुईची माळ, म्हणजे हात पोचायलाच हवा. गावोगावचे मारुती असेच शेंदराच्या पुटांनी पिढ्यान् पिढ्या जाड होत गेले. तेही वाढतात बरं का, पण गावकऱ्यांच्या बोटांनी.

नांदुऱ्याचा मारुती गाडीवाटेचा. भरधाव जाणाऱ्याला दीड फुटांची मूर्ती दिसणार कशी? तेव्हा उंची वाढवणं आलंच. आणि उंची म्हटली की शर्यत आली. 2003 साली आंध्रातल्या परिताळ्याला हमरस्त्यालगतच 135 फुटांचा मारुती उभा राहिला. 2010 मध्ये सिमल्याच्या जाखू टेकडीवर 108 फुटांचा, म्हणजे आपल्यापेक्षा बरोबर तीन फुटांनी उंच! वेशीवरच्या मारुतीची उंची मात्र कधी कोणी मोजत बसलं नाही.

म्हणून नांदुऱ्याचा मारुती खोटा का? तसं नाही. वेशीवरचा मारुती 'गाव आलं' म्हणून सांगतो, हाही तेच सांगतो, फक्त लांबून.

आजी आता नाही. नांदुऱ्याला मी आजही थांबतो, पोरांचे फोटो काढतो. घरी आल्यावर शनिवारी त्यांच्या हातात तेलाची वाटी देऊन वेशीवर नेतो. परत येताना धाकटा शेंदराची बोटं सदऱ्याला पुसतो आणि आईचा ओरडा खातो.

असो.