थर्ड क्लासचा इतिहास

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरं गोळा करीत, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. माझा इतिहासाशी संबंध दहावीला संपला. पुढं कॉमर्सला गेलो आणि त्याच उतारानं घसरत बँकेत येऊन पडलो. बँकेतल्या माणसाचा इतिहास म्हणजे मागच्या वर्षीचं ऑडिट. त्यामागं काही असलंच तर ते माळ्यावर असतं आणि त्याला वाळवी लागलेली असते. तरीपण चाळिशी उलटली की माणसाला काहीतरी लागतंच. कुणाला गुडघेदुखी लागते, कुणाला अध्यात्म लागतं. मला जुन्या टॉकीजचा नाद लागला.

"मानवतच्या टॉकीजचा कसला आलाय इतिहास?" सौभाग्यवतींनी विचारलं. "त्यापेक्षा गॅसचा नंबर कधी लावला होता, त्याचा इतिहास काढा."

खरं तर आमचं गाव पडद्याला अनोळखी नाही. १९७२ ते १९७४ या काळात इथं जे हत्याकांड झालं, त्यावर विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला 'आक्रीत' हा चित्रपट १९८१ साली आला. २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' नावाची मालिका थेट मोबाइलवर आली. तेव्हापासून बदलीवर आलेला नवा माणूस पहिल्याच आठवड्यात आवाज खाली आणून मला त्याबद्दल विचारतो. मी म्हणतो, "साहेब, इथं कापसाचा बाजार मोठा आहे, त्याबद्दल विचारा." गाव पडद्यावर कसं गेलं हे उभ्या महाराष्ट्राला पाठ आहे. पडदा गावात आला तेव्हा काय झालं, हे विचारायला मात्र कुणी येत नाही. म्हणून मीच विचारायचं ठरवलं.

सुरुवात पुस्तकांपासून केली. मुंबईचा इतिहास आमच्या कॅशबुकासारखा स्वच्छ आहे. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली; तिकीट एक रुपया. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथं दर झाले चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत. पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स. शिक्षणाचा दोष म्हणा, पण मला चित्रांच्या आधी दरपत्रक दिसतं. म्हणजे आपल्याकडं सिनेमा आला आणि थोड्याच दिवसांत त्याला वर्ग पडले!

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. १९१७ साली त्यांचं 'लंकादहन' आलं तेव्हा मद्रासेत जमलेली चिल्लर म्हणे पोलिसांच्या पहाऱ्यात बैलगाड्यांतून न्यावी लागली. इतिहासकार इथं थांबतात. ती चिल्लर मोजली कुणी, याबद्दल अवाक्षर नाही. मोजणारा आमच्यापैकीच कुणी असणार. त्याला ओव्हरटाइम मिळाला की नाही, देव जाणे. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलू लागला. ते मॅजेस्टिक १९७२ साली पाडलं. पुण्याचं आर्यन १९१५ साली उघडलं आणि १९८३ साली गेलं. शहरातल्या थिएटरांना जन्मतारीख असते, मृत्यूची तारीख असते, आणि दर वर्षी वर्तमानपत्रात श्राद्धही होतं.

मुंबईच्या या वंशावळीत आमची सोय नव्हतीच, कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. तिथंही एकानं हौस केली होती. धीरेन गांगुली नावाच्या बंगाली गृहस्थानं १९२२ च्या सुमारास हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली, चित्रपट काढले, ते दाखवायची सोयही केली. १९२४ साली त्यानं मुंबईहून आलेला 'रझिया बेगम' लावला. मुसलमान राणी हिंदू माणसाच्या प्रेमात पडते ही गोष्ट निजामसरकारला रुचली नाही. हुकूम सुटला आणि गांगुलीमोशाय बिऱ्हाड उचलून राज्याबाहेर झाले. चित्रपट आवडला नाही तर प्रेक्षक उठून जातात, हे आपण पाहिलेलं आहे. दाखवणाराच उठून गेल्याचं हे उदाहरण विरळा.

पुस्तकांचा साठा इथं संपला. पण माझ्याजवळ एक दप्तर असं होतं, की राजवाड्यांनाही हेवा वाटावा. वाचकहो, नोव्हेंबर महिन्यात बँकेत कधी गेलाच असाल तर तुम्हाला ते दिसलं असेल. समस्त पेन्शनर मंडळी त्या महिन्यात हयातीचा दाखला द्यायला येतात. मनुष्य समोर धडधडीत उभा असतो, पंख्याखालची खुर्ची मागत असतो, तरी तो जिवंत आहे हे कागदावर सिद्ध व्हावं लागतं. अलीकडं त्यासाठी अंगठ्याचं यंत्र आलंय. यंत्र आळशी, रांग लांब, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या डोक्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं गाव. मी फॉर्म भरता भरता विचारू लागलो, "काका, गावात तंबूचा सिनेमा पहिल्यांदा कधी आला हो?"

एक गुरुजी ठामपणे म्हणाले, "पोलीस ॲक्शननंतर." त्यांच्यामागचे एसटीतले निवृत्त कंडक्टर म्हणाले, "छे! दुष्काळाच्या आधी दोन सालं." पोलीस ॲक्शन १९४८ ची, दुष्काळ १९७२ चा. बँकेत बावीस पैशांचा फरक आला तर आम्ही रात्री आठपर्यंत बसतो. इथं बावीस वर्षांचा फरक, आणि दोघंही आपापल्या जागी खूष! आमच्याकडं साल आकड्यांत सांगायची पद्धतच नाही. रझाकाराच्या टायमाला, दुष्काळात, इंदिराबाई गेल्या तेव्हा, भूकंपाच्या साली, अशी आमची दिनदर्शिका. मी दोन्ही तारखा वहीत लिहून घेतल्या.

तारखेवर भांडणारी हीच मंडळी तंबूत शिरली की मात्र एका सुरात बोलू लागतात. दिवाळीनंतर कापसाचा पैसा हातात खुळखुळू लागला की तंबू यायचा. फिल्मची पेटी मानवत रोड स्टेशनवर उतरायची आणि तिथून टांग्यानं गावात. टांग्यामागं पोरं अशी पळायची, जशी काही पेटीत खुद्द नटीच बसून आलीय. हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटांत संपतं, म्हणजे तीन तासांच्या सिनेमाची सोळा रिळं. दोन दोन जोडून चढवली तरी मशीन एकच असल्यामुळं सात वेळा अंधार. त्या अंधारात भांडणं व्हायची, मिटायची, आणि एकदोन सोयरिकीही जुळल्या म्हणतात. गर्दी फार झाली की पडद्याच्या मागच्या बाजूला कमी पैशांत बसवायचे. तिथून सगळं उलटं दिसायचं. त्या बाजूला बसलेल्या एका मामांची आजही खात्री आहे की दिलीपकुमार डावखुरा होता. मी वाद घातला नाही. त्यांनी पैसे मोजून पाहिलेलं आहे.

बायकांचा भाग कनातीनं वेगळा केलेला असे. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला तेव्हा बायका चपला बाहेर काढून आत गेल्या आणि पडद्यावर देवी दिसताच नाणी उधळली, ही गोष्ट देशभर घडली तशी आमच्याकडचीही सांगतात. १९९१ साली 'माहेरची साडी' आला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाड्या भरभरून बायका येत. आई दोनदा गेली. दुसऱ्यांदा कशाला, असं वडिलांनी विचारल्यावर म्हणाली, "पहिल्यांदा रडायला जागा पुरली नाही." घरात रडलं तर कारण विचारतात. थिएटरात तिकीट काढलं की विचारत नाहीत. बाईमाणसाला चारचौघांत मोकळं रडता येईल अशी दुसरी जागा तेव्हा गावात होती ती मयताचं घर, आणि तिथं आमंत्रण लागत नसलं तरी निमित्त लागतं.

एवढी सगळी माहिती मी वहीत मांडली होती, आणि मग नगरपरिषदेतून सफाई कामगार म्हणून निवृत्त झालेले एक मामा आले. यंत्र त्यांचा अंगठा घेईना. आयुष्यभर झाडू आणि फावडं धरलेल्या बोटांवर रेषा उरल्याच नव्हत्या. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायला पाच-सात मिनिटं लागतात. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"साल आन् शिनिमा न्हाई आठवत, साहेब," ते म्हणाले. "पर बसलो कुठं, ते आठवतंय. थर्डात, खाली, म्होरं. इकडं तिकडं बघितलं तर शेजारी कोन? ज्या वाड्याच्या मागच्या दारानं आमी भाकर घ्यायचो, त्या वाड्यातला पोरगा! घरच्यांची नजर चुकवून आलता, म्हनून थर्डात. त्यानं माझ्याकडं बघितलं. म्या त्याच्याकडं बघितलं. कुनी ऊठ म्हनलं न्हाई. तिकीट व्हतं ना हातात."

तिसऱ्या खेपेला यंत्रानं ते हयात असल्याचं मान्य केलं. मामा पावती घडी करून खिशात ठेवून गेले. मागचे गृहस्थ "झालं का हो?" म्हणत होते, तरी माझा हात पुढच्या फॉर्मकडं जाईना.

देवळात ज्याची पत मोठी, तो गाभाऱ्याजवळ. पंगतीत ज्याचं घराणं मोठं, तो पहिल्या पाटावर. कुणी कुठं बसायचं हे गावात जन्माच्या वेळीच ठरून जायचं. हा तंबू असा निघाला, की जिथं जागा खिडकीवर ठरायची, आणि ज्याचं तिकीट सगळ्यांत स्वस्त तो पडद्याच्या सगळ्यांत जवळ! नॉव्हेल्टीतल्या चार आणेवाल्यापासून आमच्या मामांपर्यंत सगळ्यांची वर्गवारी झाली ती पैशानं. पैशाची वर्गवारी चांगली असते असं बँकेतला माणूस तरी म्हणणार नाही. पण पैसे साठवता येतात, जन्म साठवता येत नाही. सिनेमा सुटला की बाहेर गाव होतं तसंच होतं, हेही खरं. तरी तीन तास ते तसं नव्हतं, आणि ते तीन तास एका माणसाला साठ वर्षं पुरले.

पुढची हकीकत आपण सगळेच जाणतो. १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' आलं आणि रविवारची सकाळ घरात गेली. मग व्हिडिओ, मग केबल, मग शहरांत मल्टिप्लेक्स. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विरून गेला. करमणूक मात्र खिशातल्या मोबाइलवर जाऊन बसली. परवा मुलाबरोबर शहरातल्या मल्टिप्लेक्सला गेलो होतो. गाद्या मऊ, हवा गार, मक्याच्या लाह्या सोन्याच्या भावानं. दरपत्रक पाहायची माझी खोड. सिल्व्हर होतं, गोल्ड होतं, प्लॅटिनम होतं. थर्ड क्लास कुठंच नव्हता. मुलगा म्हणाला, "बाबा, आता सगळेच फर्स्ट क्लास." सगळे फर्स्ट क्लास झाले असते तर मी पेढे वाटले असते. थर्ड क्लासातली माणसं घरी राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

माझी वही आता निम्मी भरलीय. डाव्या पानावर तारखा, उजव्या पानावर माणसं, अशी रीतसर मांडणी आहे. तेरीज जुळत नाही. उजवी बाजू सारखी जड भरते. दर नोव्हेंबरात रांग थोडी आखूड होते, म्हणून यंदा मी मॅनेजरसाहेबांना सांगून काउंटरसमोर चार खुर्च्या जास्त टाकून घेतल्या. मॅनेजरसाहेबांना वाटतंय की ही ग्राहकसेवा आहे.