डोंगराआडचा टीव्ही : कर्जत-खालापूर

मंडळी, इंटरनेटवरचा टीव्ही समजून घ्यायचा, तर आधी जरा छपरावर चढू.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्यातही चित्र दिसू लागलं. आपण दोघांच्या मधोमध, तरी अडचणीत. कारण या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. नेरळ-कर्जतच्या आड माथेरान, प्रबळ, इर्शाळची रांग, खालापूरच्या आड माणिकगडाकडचे डोंगर आणि पुण्याच्या बाजूला अख्खा सह्याद्री. म्हणून एकजण वर अँटेना फिरवतोय, खालून बाकीचे ओरडताहेत, "आलं, आलं... गेलं!" १९८७च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं, तेव्हा दर रविवारी हेच.

हा डोंगर हटवला उपग्रहाने. आधी केबलवाल्याची मोठी छत्री, मग २००३ नंतर घरोघरी छोटी. गंमत बघा, २००८ची 'राजा शिवछत्रपती' मालिका चित्रित झाली आपल्याकडच्या एन. डी. स्टुडिओत, आणि जवळपास ३६ हजार किलोमीटर वर जाऊन पुन्हा आपल्याच छपरांवर उतरली!

५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, टीव्ही हातात आला. आणि डोंगरही परत आला, कारण मोबाइलचा टॉवर डोंगराआड असला की चाक फिरतच राहतं.

फरक नीट समजून घेऊ. छत्रीवरचं प्रक्षेपण पावसासारखं असतं. एकाने पाहिलं काय, हजारांनी पाहिलं काय, कमी पडत नाही. इंटरनेटवर मात्र प्रत्येकाला चित्र वेगळं पाठवावं लागतं, नळाच्या पाण्यासारखं. रात्री नऊला सगळ्यांनी तोट्या सोडल्या की धार बारीक. साध्या दर्जाला तासाला साधारण एक जीबीपर्यंत जातो, एचडीला तीनपर्यंत. म्हणून सेटिंगमध्ये दर्जा आधी उतरवा. मालिका वायफायवर डाउनलोड करून ठेवली, तर वाडीवर रेंज नसतानाही बघता येते.

आणि आमचं स्पष्ट मत, छत्री काढू नका. २००४मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मोफत डिशला महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. ज्या आजीला पासवर्ड टाकता येत नाही, तिच्या बातम्या त्या छत्रीवरच आहेत. स्मार्ट टीव्ही आला म्हणून ती भंगारात देणारी घरं आम्ही पाहिली आहेत. मग जुलैच्या पावसात रेंज गेली, की आजी विचारते, "आपला जुना टीव्ही कुठंय रे?"