कफाला पद्धती

परदेशी कामगाराच्या प्रवेशाची व वास्तव्याची हमी एखाद्या स्थानिक मालकाने शासनास द्यावी आणि कामगाराचे वास्तव्य त्या मालकाशीच निगडित राहावे, अशी अरबी आखाती देशांत, तसेच जॉर्डन व लेबानन येथे रूढ झालेली पद्धती. ‘कफाला’ या अरबी शब्दाचा अर्थ जामीनकी असा असून जामीन राहणाऱ्यास ‘कफील’ म्हणतात. इस्लामी धर्मशास्त्रात ही संज्ञा मुख्यतः ऋणकोच्या हमीसंबंधी येते; कामगार-नियमनाशी तिचा संबंध मागाहून जडला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहारीनमधील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मोती काढण्याच्या धंद्यासाठी बाहेरून येणाऱ्या पाणबुड्यांची जबाबदारी गलबताच्या नाखव्यावर टाकली. परकीयांवर देखरेख ठेवण्यास प्रशासन अपुरे होते, हे त्याचे कारण. पुढे बहारीनमध्ये १९३२ साली, तर कुवेत व सौदी अरेबियात १९३८ साली तेल सापडले आणि हीच सोय तेथील कायद्यांत शिरली. कुवेतचा परकीयांच्या वास्तव्याविषयीचा कायदा १९५९ चा आहे. १९७३ मधील तेलाच्या भाववाढीनंतर बांधकामे झपाट्याने वाढली व भारतातून, विशेषतः केरळातून, मोठ्या संख्येने कामगार जाऊ लागले. महाराष्ट्रात रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे या मिळकतीवर अवलंबून राहिली.

वास्तव्याचा परवाना (इकामा) काढणे व मुदतीत नवा करणे, ठरलेले वेतन देणे आणि सामान्यतः परतीचे भाडे देणे, ही कफीलाची कर्तव्ये होत. तथापि कर्तव्य व अधिकार एकाच हाती असल्याने कर्तव्यभंगाची शिक्षा बहुधा कामगारालाच भोगावी लागे. मालकाने परवाना नवा केला नाही, तर बेकायदा ठरे तो कामगार. वेतन थकले म्हणून त्याने काम सोडल्यास मालक तो पळाल्याची नोंद करी. सौदी अरेबियात तीस ‘हुरूब’ म्हणत व तिचा परिणाम अटक वा हद्दपारी असा होई. कतारच्या २००९ च्या कायद्यानुसार पारपत्र कामगारास परत करणे बंधनकारक होते. ते सर्रास मालकाच्या कपाटातच राही. काही कफील तर काम नसताना केवळ व्हिसा विकत. अशा ‘आझाद व्हिसा’वर गेलेला मनुष्य नावापुरताच आझाद असे.

तेलाचे भाव २०१४ पासून घसरल्यावर सौदी शासनाकडून कंत्राटदारांची देणी रखडली. सौदी ओजर या बांधकाम कंपनीच्या हजारो कामगारांचे वेतन अनेक महिने थकले. परवाने संपल्याने त्यांना दुसरीकडे काम मिळेना आणि निर्गमन परवान्याअभावी मायदेशीही परतता येईना. २०१६ मध्ये जेद्दा परिसरातील छावण्यांत अडकलेल्या भारतीयांना वाणिज्य दूतावासामार्फत अन्न पुरवावे लागले व परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग तेथे गेले. सौदी शासनाने परतीची व्यवस्था केली. परंतु अनेकजण थकबाकी न मिळताच परतले.

कतारविरुद्ध आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत २०१४ साली दाखल झालेली तक्रार सुधारणांच्या आश्वासनावर २०१७ मध्ये बंद करण्यात आली. त्यानंतर तेथे २०१८ साली बहुसंख्य कामगारांसाठी निर्गमन परवान्याची व २०२० साली नोकरी बदलताना लागणाऱ्या मालकाच्या संमतीची अट रद्द झाली. सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून अशाच सवलती दिल्या. घरगुती नोकर, खाजगी वाहनचालक व शेतमजूर मात्र त्यांतून वगळले गेले.