पद्मिनीचे दात : एका लहान मोटारीची पाठचिकित्सा

पोथीच्या वेष्टनावरील नावावरून आतील पाठाची खात्री देता येत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगावे लागत नाही. यंत्राच्या इतिहासात मात्र ही सावधगिरी आपण क्वचितच बाळगतो. कुर्ल्यात तयार झालेली 'प्रीमिअर पद्मिनी' ही लहान मोटार या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तिच्या गिअरबॉक्सचे आणि डिफरन्शियलचे सुटे भाग ओळखण्याचे काम आपण मिस्त्रीवर सोपवून मोकळे होतो. वस्तुतः तो इतिहासाच्या साधनांचाही प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम नावांचा विचार करू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने तिने 'अकराशे' मालिकेतील मोटारी काढल्या. १९६४ पासून त्यांतील एक नमुना 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून विकला जाऊ लागला. पुढे अल्पकाळ तो 'प्रेसिडेंट' झाला आणि १९७४ पासून चितोडच्या राणीचे नाव धारण करून 'पद्मिनी'. फियाटशी असलेले नाते सरले, तसे नाव बदलले. गाडीची मूळ घडण मात्र तीच राहिली. उलटपक्षी, एकाच नावाखाली भिन्न वस्तूही नांदत होत्या. इटलीतील 'अकराशे डी'चे इंजिन १२२१ घनसेंटिमीटरचे होते. कुर्ल्याच्या गाडीत जुने १०८९ घनसेंटिमीटरचेच राहिले. तेव्हा इटालियन भागसूची ही 'मूळ प्रत' मानून कुर्ल्याची गाडी वाचू जाणे धोक्याचे ठरते.

मग प्रमाण कशास मानावे? वस्तूलाच. ही गाडी मागील चाकांवर चालणारी. इंजिनाची गती गिअरबॉक्समधून प्रॉपेलर शाफ्टमार्गे मागच्या अॅक्सलकडे जाते. तेथे लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरवते, आणि वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देण्याचे काम डिफरन्शियल करते. क्राउनचे दात पिनियनच्या दातांनी भागले की अखेरचे गुणोत्तर मिळते. समजा, ४३ आणि १० दात असले तर ते ४.३ येईल. हाउसिंग न उघडताही हे काढता येते. गाडी सपाटीवर उभी करावी, पुढच्या चाकांना ओट लावावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. मागचे एक चाक जमिनीवर टेकलेले ठेवून दुसरे उचलावे व दोन पूर्ण फेरे फिरवावे. तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्टचे जितके फेरे होतील, तेच गुणोत्तर. गिअरबॉक्स चार गतींचा असून सिंक्रोची सोय वरच्या तीन गिअरांनाच आहे, हेही ओळखीचे एक गमक होय.

येथे आम्हांस पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे स्मरण होते. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनी संपादनाची धुरा वाहिलेले हे कार्य १९६६ साली सिद्धीस गेले. पोथ्यांच्या परंपरा एकमेकींत मिसळून गेलेल्या असल्याने शुद्ध वंशवृक्ष मांडणे किती अवघड, याचा प्रत्यय त्या संपादकांना पदोपदी आला. जुन्या मोटारीतही असाच पाठसंकर असतो. भंगारातून आणलेला अॅक्सल एका सालातला, गिअरबॉक्स दुसऱ्या सालातला, आणि कागदावर तिसरेच साल. मात्र क्राउन व पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात व जोडीवर सारखाच अंक कोरण्याची पद्धत असते. अंक जुळले नाहीत, तर जोड मागाहून लागली असा संशय घ्यावा. दात मोजून बरोबर आले तरी अशी जोडी बहुधा कुरकुरतेच.

या गुणोत्तराचा अर्थ कळतो तो घाटात. मुंबई–गोवा महामार्गाने महाड, पोलादपूर गाठले की तेथून रस्ते डोंगरावर चढतात : वरंधा घाट भोरकडे, आंबेनळी महाबळेश्वरकडे, कशेडी खेडकडे. गुणोत्तर मोठे असले तर ओढ वाढते व वेग घटतो. लहान असले तर सपाटीवर सुख, चढावर दमछाक. सिंक्रो नसलेला पहिला गिअर धावत्या गाडीत टाकायचा, तर क्लच दोनदा दाबून दातांची गती जुळवून घ्यावी लागे. अशा वळणांवर झिजलेला दात म्हणजे त्या रस्त्याने लिहिलेली नोंदच होय.

याच मुलखाने कागदाचा भरवसा किती, हेही दाखवून दिले. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुरात महाड शहर बुडाले. २२ जुलैला महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या शोकापुढे यंत्राची गोष्ट क्षुल्लक आहे, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि अशा आपत्तीत माणसांमागोमाग त्यांच्या घरादारांचे दस्तऐवजही नाहीसे होतात आणि सामान्यांच्या श्रमाचा इतिहास निराधार होतो, हे विसरता येत नाही. पुराचे पाणी गिअरबॉक्समध्ये शिरले की तेल दुधासारखे पांढुरके होते, बेअरिंगे गंजतात. पण ओतीव कवचावरील अंक बहुधा वाचता येतो.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले; मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये अखेरची निवृत्त झाली. गाड्या आता संग्राहकांकडे चकचकीत होऊन उभ्या राहतील आणि त्यांवर नावाची पाटी असेल. त्या पाटीशेजारी कवचावरील अंक, क्राउन-पिनियनच्या दातांची संख्या आणि कोणता भाग कधी बदलला ही टीप लिहिली जावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. जे मिस्त्री नुसता आवाज ऐकून दाताचा दोष सांगत, त्यांचे शब्दही त्यांच्या हयातीतच टिपून घ्यावयास हवेत. पाठभेद नोंदवल्यावाचून आपण पोथी छापत नाही. मोटारीच्या बाबतीतही तोच दंडक असावा.