गोळीचा हिशेब

जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिथे छर्रे मोजूनच मिळतात. बंदूक एकदा घेतली की झाली, पण गोळी रोज लागते. हा हिशेब आपल्या वसईला फार जुना आहे.

1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईच्या किल्ल्याला वेढा घातला. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तो चालला. आत अडकलेल्या पोर्तुगिजांनी दारूगोळा, धान्य आणि पैशासाठी मुंबईच्या इंग्रजांकडे हात पसरले. इंग्रजांनी 15,000 रुपये कर्ज दिले, पण तारण घेऊन. चर्चमधली चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा गहाण पडल्या. लढायचे तोफांनी, आणि गहाणही तोफाच! अडीनडीला पाटल्या सोनाराकडे ठेवणाऱ्या आम्हां बायकांना हे लगेच समजते. मे महिन्यात किल्ला पडला. जिंकणाऱ्या मराठ्यांचीही हजारो माणसे कामी आली.

आता बंदूक खेळातही आली आहे, पण गोळीचा भार अजून घरावरच पडतो. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला रायफल नेमबाजीत जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसला कांस्यपदक आणले. त्याच्या शिक्षक वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढले होते. स्वप्नीलच्या प्रकारात पहिल्या फेरीतच 60 गोळ्या लागतात, सरावाला त्याच्या कितीतरी पट. चांगल्या गोळ्या येतात परदेशातून. 2020 मध्ये कोरोनाच्या काळात अमेरिकेत काडतुसांवर झुंबड उडाली आणि तिथल्या हौशी नेमबाजांनाही ती मिळेनात.

मग नेमबाज काय करतात? एक, रिकाम्या बंदुकीने सराव. उभे राहणे, श्वास धरणे, चाप हळू ओढणे, हे सारे गोळीशिवाय शिकता येते; मात्र बंदूक रिकामी आहे ना, हे आधी तपासायचे, आणि तेही प्रशिक्षकासमोर. दोन, सुरुवात हवेच्या बंदुकीने. तिचे छर्रे पुष्कळ स्वस्त. तीन, उडवलेली प्रत्येक गोळी वहीत लिहायची. आपल्या बचत गटाच्या वहीसारखीच.

उद्या आपली लेक एन.सी.सी.तून नेमबाजीकडे वळली, तर तिला नाही म्हणू नका. अंजली भागवतही एन.सी.सी.तूनच पुढे आली. फक्त बंदुकीची किंमत विचाराल, तेव्हा वर्षभराच्या गोळ्यांचा खर्चही विचारा. पाटल्या गहाण टाकायच्या आधी.