यादीतून गळालेल्या ओळी

देगलूर तालुक्यातल्या होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरांत घेतलेले एक चित्रण नांदेडला घरच्या संगणकावर लावले आणि ते अडखळू लागले. फोनवर घेतलेली ४के फाइल, एमपी४ स्वरूपातली, आतले कोडेक, म्हणजे चित्र दाबून साठवण्याची पद्धत, एच.२६४. संगणक दोन कोअरच्या एएमडी अ‍ॅथलॉनचा, त्यावर फेडोरा लिनक्स ३७. आवाज पुढे जाई, चित्र मागे राही, पंखा घरघरू लागे. शिलालेखातल्या ज्या अक्षरावर थांबायचे, ते नेमके गळालेल्या फ्रेममध्ये असे.

अशी चित्रणे याच यंत्रावर पूर्वी सुरळीत चालत, हे आठवत होते. पण आठवण म्हणजे बखर. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी अस्सल कागद हाती आल्याशिवाय बखरीवर विसंबू नये असा धडा घालून दिला आहे. लिनक्सवर अस्सल कागदांना तोटा नसतो, कारण यंत्र स्वतःच रोजनामा लिहीत असते.

पहिला कागद ‘डीएनएफ हिस्टरी’चा. कोणते पॅकेज कधी आले, कधी बदलले, याची ही नोंदवही. तीत डिसेंबर २०२२ मध्ये फेडोरा ३६ वरून ३७ वर गेल्याचा व्यवहार स्वच्छ नोंदलेला होता. यावरून क्रम सिद्ध होतो, कारण सिद्ध होत नाही. त्या एकाच व्यवहारात कर्नल, मेसा हा ग्राफिक्स ड्रायव्हरचा संच, चित्रफिती दाखवणारा एमपीव्ही असे सगळेच बदलले होते.

दुसरा कागद कर्नलच्या नोंदींचा. ‘जर्नलसीटीएल’मध्ये एएमडीजीपीयू या ड्रायव्हरची एक ओळ सापडली: व्हीसीएन डिकोड अँड एन्कोड इनिशियलाइज्ड सक्सेसफुली. व्हीसीएन म्हणजे चित्रफीत उलगडण्यासाठी चिपमध्येच बसवलेले स्वतंत्र मंडल. ते जागे झाले, असे कर्नल सांगतो. हा साक्षीदार विश्वासार्ह आहे, पण त्याची साक्ष मर्यादित. मंडल तयार आहे एवढेच तो म्हणतो. वरच्या थरातून त्याला काम मिळते का, हे त्याच्या नोंदीत नसते.

मधला थर म्हणजे मेसा, आणि मेसाशी बोलायची भाषा म्हणजे इंटेलने २००७ च्या सुमारास पुढे आणलेली व्हीए-एपीआय. तिसरा कागद याच थराचा, ‘व्हीएइन्फो’ या आज्ञेचा. कोणते कोडेक हार्डवेअरवर उलगडता येतील, त्यांची यादी ती छापते. यादीत एमपीईजी-२ होते, जेपेग होते, व्हीपी९ होते. एच.२६४ च्या ओळी नव्हत्या. एचईव्हीसीच्याही (म्हणजे एच.२६५ च्याही) नव्हत्या, व्हीसी-१ च्याही नव्हत्या. त्रुटीचा संदेश नाही, इशारा नाही. यादी अशी शांतपणे संपत होती की जणू या चिपला ही कोडेक कधी येतच नव्हती. ती येतात, हे एएमडीच्या या पिढीबद्दल पक्के ठाऊक आहे. दोन अस्सल कागद एकमेकांशी जुळत नव्हते, आणि मला खरा आनंद झाला तो इथे.

नेटवर्क, मॉनिटर, पडद्यावर खिडक्या जुळवणारा कंपोझिटर यांच्यावरचा संशय एका साध्या पडताळणीने उडाला. व्हीपी९ मधली ४के फाइल त्याच एमपीव्हीवर विनासायास चालली, आणि टर्मिनलवर हार्डवेअर डिकोडिंग वापरत असल्याची ओळ उमटली. एच.२६४ लावताच ती ओळ नाहीशी, आणि सारा भार दोन कोअरच्या सीपीयूवर. लातूरच्या एका मित्राकडेही फेडोरा ३७ च होते, पण यंत्र इंटेलचे. त्याच्या यादीत एच.२६४ च्या ओळी जागेवर होत्या. हा पाठभेद महत्त्वाचा: इंटेलचा डिकोडिंग ड्रायव्हर मेसाच्या बाहेरचा असतो आणि मित्राने तो आरपीएम फ्युजन या फेडोराबाहेरच्या पॅकेज-भांडारातून घेतला होता. म्हणजे ओळी गळाल्या त्या मेसाच्याच वाटेवर.

अपग्रेडच्या आधीच्या व्हीएइन्फोची प्रत मात्र माझ्याकडे नव्हती. आज्ञा चालवणाऱ्या बॅशच्या इतिहासात आज्ञा राहतात, त्यांचे उत्तर राहत नाही, आणि मुळातल्या रचनेत तारीखही राहत नाही. ही फट भरून काढली मेसाच्या बांधणीच्या कागदांनी. मेसा बांधताना ‘व्हिडिओ-कोडेक्स’ हा पर्याय असतो. त्याच्या वर्णनात, वितरकांनी ही कोडेक चालू करण्यापूर्वी आपल्या विधी विभागाचा सल्ला घ्यावा, अशी सूचना आहे. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या तांत्रिक कागदात वकिलाचा उल्लेख वाचून मी थबकलो. सप्टेंबर २०२२ मध्ये फेडोराने एच.२६४, एच.२६५ आणि व्हीसी-१ या तिन्हींचा आधार मेसातून काढला. ग्राफिक्सचे काम पाहणारे रेड हॅटचे अभियंता डेव्हिड एअरली यांचे स्पष्टीकरण असे, की चूक तो काढण्यात नव्हे, आधी चालू ठेवण्यात होती. त्यातून रेड हॅट आणि फेडोरा यांना कायदेशीर धोका संभवत होता. या बदलानंतर फेडोरा ३७ प्रसिद्ध झाले ते १५ नोव्हेंबर २०२२ ला.

धोका पेटंटचा. एच.२६४ हे मानक २००३ चे, आणि त्यावर अनेक कंपन्यांची पेटंटे. फेडोराला पाठबळ देणारी रेड हॅट अमेरिकी कंपनी, तेव्हा तिला तिथला कायदा आधी पाहावा लागतो. भारतात पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक-प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. म्हणून ही पेटंटे इथे लागूच नाहीत, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. ‘निव्वळ’ या अटीवर न्यायालयांत बराच खल झालेला आहे. निश्चित एवढेच, की नांदेडच्या टेबलावरची चिप विकत घेतलेली, तिच्यातले मंडल शाबूत, आणि ते वापरण्याची वाट दूरच्या एका कायदेशीर सल्ल्यामुळे बंद झाली होती. फेडोरावर माझा राग नाही. पण ही गोष्ट वापरणाऱ्याला यादीतल्या रिकाम्या जागेवरून ओळखावी लागावी, हे मला पटत नाही. एक ओळ छापता आली असती.

उपाय आरपीएम फ्युजनमध्ये होता. ‘मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स’ काढून त्या जागी ‘मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स-फ्रीवर्ल्ड’ बसवायचे. डीएनएफच्या ‘स्वॅप’ आज्ञेने हे एका झटक्यात होते. तसे केल्यावर व्हीएइन्फोत एच.२६४ बेसलाइन, मेन, हाय अशा ओळी उमटल्या, खाली एचईव्हीसी. कर्नल तोच, एमपीव्ही तोच, फाइल तीच. एवढ्यावरही कारण सिद्ध झाले असे मी धरले नाही. मधल्या रीस्टार्टनेही कधी कधी अशा गोष्टी सुधारतात. म्हणून जुने पॅकेज परत बसवले. ओळी गळाल्या, फ्रेम गळू लागल्या. नवे बसवले, ओळी परतल्या. एमपीव्हीमध्ये आय ही कळ दाबली की आकडेवारीचा तक्ता दिसतो. त्यात गळालेल्या फ्रेमचा आकडा आता हलत नव्हता, आणि होट्टलच्या लेखातली तिसरी ओळ अक्षरागणिक थांबवून वाचता येत होती.